वाशीत पंखा हलला, मग येऊरच्या पायथ्याशी काहीच कसं नाही?

प्रश्न: 26 जानेवारी 2001, भुजचा भूकंप. आम्ही वाशीला सातव्या मजल्यावर, झेंडावंदनाला निघायची गडबड, तेवढ्यात पंखा झोके घ्यायला लागला, मी पोरांना घेऊन जिन्याने खाली पळाले. ठाण्याला येऊरच्या पायथ्याशी बहिणीच्या बैठ्या चाळीत कुणाला पत्ताच नाही! भुजपासून दोघी सारख्याच लांब, मग असं का? – एक वाचक, वाशी

उत्तर: ताई, अंतर सारखं असलं तरी पायाखालची जमीन सारखी नाही. येऊरला थोडं खणलं की काळा कातळ लागतो, वाशीत खाडीचा चिखल आणि वर भराव. ताटात खरवसाची वडी ठेवा आणि ताटाला टिचकी मारा, ताट लगेच थांबतं, वडी थरथरत राहते, तसंच हे. कातळातून जोरात आलेली लाट चिखलात मंदावते, मागची पुढचीवर चढते आणि उंची वाढते. शिवाय चिखलाला स्वतःचा झोका असतो. समजा 15 मीटर चिखल आहे आणि त्यात लाट सेकंदाला 100 मीटर जाते, तर एक झोका 4 × 15 ÷ 100, म्हणजे 0.6 सेकंदाचा, आणि साधारण सहा-सात मजली बिल्डिंगचा झोकाही तेवढाच, दोघांचा ताल जुळला की हलणं वाढतच जातं. बैठी चाळ त्या तालात येतच नाही. 1985 ला मेक्सिको सिटीत हेच झालं, भूकंप साडेतीनशे किलोमीटरवर समुद्रकाठी आणि बिल्डिंगी पडल्या त्या जुन्या तळ्याच्या गाळावरच्या.

हादरे कुठे जास्त बसतात ते जमिनीसारखंच फॉल्टवरही ठरतं, म्हणजे ज्या भेगेवर खडक सरकून भूकंप होतो तिच्यावर. आपण जमिनीत उभी चीर समजतो, पण भुजचा फॉल्ट तिरका, दक्षिणेकडे खाली उतरत गेलेला. अशा फॉल्टच्या वर जो खडक रेलून असतो त्या बाजूला हादरे जास्त बसतात. आणि फॉल्ट एकदम फाटत नाही, सेकंदाला अडीच-तीन किलोमीटरने फाटत जातो, जवळपास लाटांच्याच वेगाने, म्हणून ज्या दिशेला फाटत जातो तिकडच्या गावांवर लाटा गोळा होऊन एकदम आदळतात. 1995 ला जपानच्या कोबे शहरात तर सगळ्यात जास्त पडझडीचा पट्टा फॉल्टच्या रेषेवर नव्हताच, थोडा बाजूला होता, कारण डोंगराकडच्या खडकातून वळलेल्या लाटा आणि गाळातून वर आलेल्या लाटा तिथे एकत्र आल्या.

सोसायटीच्या जुन्या फाइलीत सॉइल टेस्टचा रिपोर्ट असेल तर नक्की काढून बघा, चिखल किती मीटर आणि खडक कुठे लागला ते त्यात असतं. आणि तळमजल्यावर नुसते खांब आणि पार्किंग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी तेच दाखवा, अहमदाबादला पडलेल्या कितीतरी बिल्डिंगी अशाच होत्या.