तीन महिने त्राटक, तरी नंबर उणे दोन

सहावीतली मुलगी आणि तिची आई माझ्याकडे डोळे तपासायला आल्या. मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे सव्वा होता. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून आईने चष्मा कपाटात ठेवून दिला. सकाळी डोळे गोल फिरवायचे, तळहात चोळून डोळ्यांवर धरायचे, संध्याकाळी समईच्या ज्योतीवर त्राटक. तीन महिने एक दिवस चुकला नाही. "मॅडम, घरच्या तक्त्यावर ती आता दोन ओळी जास्त वाचते. पण शाळेतून तक्रार आलीय, फळ्यावरचं शेजारणीच्या वहीत बघून उतरवते म्हणे."

दोन्ही खरं होतं. रोज तोच तक्ता असला की अक्षरं पाठ होतात. शिवाय मुलं नकळत डोळे बारीक करतात आणि पापण्यांच्या फटीतून तेवढ्यापुरतं स्पष्ट दिसतं. अक्षरं बदलली, डोळे बारीक करू दिले नाहीत, तेव्हा त्या दोन ओळी गेल्या.

मशीनवर नंबर आला उणे सव्वादोन. मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून पुन्हा मोजला, तेव्हा उणे दोन. जवळचं बघताना डोळ्यातला स्नायू आवळला जातो, थेंबांनी तो सैल पडतो. गेलेला पाव नंबर त्या ताणाचा. "व्यायामाने माझा नंबर उतरला" असं सांगणाऱ्यांचा बहुधा एवढाच उतरलेला असतो. उरलेले दोन येतात ते डोळ्याचा गोळा मागे लांबल्यामुळे. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. त्यात एका मिलिमीटरची वाढ म्हणजे जवळजवळ अडीच नंबर. बुबुळं फिरवून तो गोळा आखूड होत नाही.

"पण चष्मा लावला की नंबर वाढतच जातो ना?" वाढतो तो वयामुळे, उंची वाढते त्या वर्षांत डोळाही लांबतो आणि चष्मा नेमका तेव्हाच नाकावर असतो. मलेशियात मुद्दाम पाऊण नंबर कमी दिलेल्या मुलांचा नंबर दोन वर्षांत मंदावला नाही, उलट थोडा जास्तच वाढला. म्हणून पूर्ण नंबरचा चष्मा, दिवसभर.

घरी वाचतेस तसं वाचून दाखव म्हटल्यावर मुलीने मान खाली घालून पुस्तक जेमतेम एक वीत अंतरावर धरलं. तिला खूण दिली: कोपर पुस्तकावर टेकव, मूठ गालाला लाव. तेवढं अंतर राहायलाच हवं. लोळून वाचलं की ते दहा मिनिटंही टिकत नाही, म्हणून टेबल-खुर्ची. दर वीस मिनिटांनी खिडकीतून वीस फुटांपलीकडचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. समोरच्या इमारतीची टाकी चालेल, भिंतीवरचं घड्याळ नाही. याने ताण उतरतो, नंबर नाही.

खरा भर उजेडावर. घरात ट्यूबलाइटखाली काही शे लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांमध्ये रोज 40 मिनिटं जादा मैदानावर नेलेल्या मुलांपैकी तीन वर्षांत सुमारे 30 टक्क्यांना नंबर लागला, बाकीच्यांत जवळपास 40 टक्क्यांना. नंबर आधीच लागलेल्यांना याचा फायदा इतका ठळक दिसत नाही, हे आईला तसंच सांगितलं. धाकटा भाऊ पहिलीत आहे, त्याला बिनचष्म्याचा ठेवायचा तर हाच उपाय. दोघांनाही रोज दोन तास बाहेर. शाळेची सुट्टी, येण्याजाण्याची पायपीट धरून.

वर्षात पाऊण नंबर वाढलाय, म्हणून नंबराची वाढ मंदावणाऱ्या कमी ताकदीच्या अ‍ॅट्रोपिन थेंबांबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलायला सांगितलं. ते मनाने आणून घालायचे नाहीत. सहा महिन्यांनी नंबरासोबत डोळ्याची लांबीही मोजायची.

उठताना आईने विचारलं, "मग त्राटक बंद करू का?" मन शांत होत असेल तर चालू द्या, पण ज्योतीपासून हातभर लांब बसून. आणि साडेपाचला नको, तेव्हा खाली मुलं खेळायला जमतात. दिवेलागणीनंतर करा.