जळगावच्या उन्हाळ्यात पॉमेरेनियन कुत्र्याचे आणि लांब केसांच्या मांजरीचे केस घरी पूर्ण काढावेत का?

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, म्हणून कुत्र्याचे आणि मांजरीचे केस ट्रिमरने पार काढून टाकावेत का, असे आपण विचारले आहे. मी भुसावळला राहतो आणि माझ्याकडेही पॉमेरेनियनच आहे. माझे स्पष्ट मत असे की, केस भादरू नका, विंचरा.

पॉमेरेनियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वरचा लांब आणि राठ, खालचा दाट आणि मऊ. उन्हाळ्याच्या तोंडावर खालचा थर गळू लागतो, पण गळालेले केस वरच्या केसांत अडकून राहिले की कातडीपर्यंत हवा पोहोचत नाही, आणि कुत्र्याला खरा जाच होतो तो या अडकलेल्या केसांचा. ते निघाले की उरलेले केस उन्हापासून त्याचे रक्षणच करतात. पार भादरलेली कातडी मात्र उन्हात भाजते, शिवाय या जातीत केस पुन्हा नीट न येता चट्टे राहण्याचा धोका असतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. अंग थंड करण्याचे काम तो धापा टाकून करतो. त्यामुळे सावली, भरपूर पाणी आणि दुपारी कूलरसमोरची फरशी यांची जागा ट्रिमर घेऊ शकत नाही.

विंचरताना एका हाताने केस वर धरून खालचे थोडे थोडे केस मुळापासून मोकळे करावेत; नुसता वरवर ब्रश फिरवला तर कानांमागे, बगलेत आणि मांड्यांमागे गुंता तसाच राहतो. आंघोळ महिन्यातून एकदा पुरते, आणि उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येईलच असे नसल्याने ही मोठीच सोय आहे. शाम्पू कुत्र्यांसाठीचाच घ्यावा आणि गुंता आंघोळीआधी सोडवावा, कारण भिजलेली गाठ अधिक आवळते.

विंचरतानाच गोचीड शोधावेत: कानांच्या आत, मानेवर, बोटांच्या बेचक्यांत. गोचिडावर रॉकेल ओतण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती कृपया टाळावी. त्याने कातडी पोळते आणि कुत्रा ते चाटतो. चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढावा. मादी भिंतींच्या फटींत हजारो अंडी घालते, तेव्हा घराची सफाई केल्याशिवाय नुसते कुत्र्यावर औषध टाकून भागत नाही. गोचिडांनंतर कुत्र्याला ताप आला, खाणे सुटले किंवा हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

मांजरीच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगतो. कुत्र्याचे गोचीडनाशक तिला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजरीला झटके येऊन ती दगावू शकते. निरोगी मांजर स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवते, म्हणून तिला आंघोळीची गरज क्वचितच पडते. लांब केस मात्र रोज विंचरावेत, म्हणजे पोटात केस कमी जातात. गाठ कात्रीने कापू नये, कारण मांजरीची पातळ कातडी गाठीबरोबर वर उचलली जाते आणि तीही कापली जाते. गाठ बोटांनी सुटली नाही तर पशुवैद्याकडून काढून घ्यावी.

पावसाळ्यानंतर कुत्रा शेतात किंवा बांधावर फिरून आला की पंजे आणि कान पाहावेत. गवताचे कुसळ एकदा कातडीत शिरले की आत आत सरकत जाते आणि तिथे पू धरतो.