रक्त पातळ करायची गोळी चालू असताना दिवस राहिले, तर बाळाला काय धोका असतो?

तुम्ही लिहिलंय की बायकोच्या पायात दोनदा रक्ताची गाठ झाली होती, वॉरफरिन चालू आहे, पाचवा आठवडा लागलाय आणि घरचे म्हणतात गोळी बंद कर. गोळी तर बदलावीच लागेल, पण आज घरी बसून परस्पर बंद करू नका. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना, दोघांनाही आजच फोन करा. उद्यावर टाकू नका.

हे इतक्या जोरात सांगते, कारण मी बंद केली होती.

लहानपणी सांधे धरून ताप आला, त्यात हृदयाची झडप गेली. 2010 साली नागपुरातच धातूची झडप बसवली. तेव्हापासून रोज संध्याकाळी एसिट्रॉम, म्हणजे वॉरफरिनच्याच जातीची गोळी, आणि महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायची तपासणी. 2014 च्या मे महिन्यात दिवस राहिले. मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, "पोटात लेकरू आहे अन् तू रक्त पातळ करून राहिली? अपंग होते ना बाप्पा पोर!" मी घाबरले. जवळच्या दवाखान्यात विचारलं, तर तिथेही एवढंच सांगितलं की ही गोळी गरोदरपणात चालत नाही. तिच्या जागी काय घ्यायचं, ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नऊ दिवस गोळी घेतली नाही.

धातूची झडप वाजते. शांत खोलीत घड्याळासारखी टिकटिक, माझ्या नवऱ्यालाही ऐकू येई. नवव्या रात्री उताणं झोपलं की दम लागायला लागला. टिकटिक ऐकू येत नव्हती, मला वाटलं कूलरचा आवाज आहे. यांना कूलर बंद करायला लावला. कूलर थांबला, खोली शांत झाली, तरी छातीतून काहीच नाही. नुसती दबकी धडधड. रात्री दोनला धंतोलीतल्या हॉस्पिटलात नेलं. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेचं एक पान जेमतेम हलत होतं, त्यावर गाठ बसली होती. हेपरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या सलाइनवर मोकळी झाली. सगळ्यांची होत नाही.

बाळाचं म्हणाल, तर वॉरफरिन आणि एसिट्रॉम दोन्ही वारेतून बाळापर्यंत जातात. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात नाकाचं हाड बसकं राहणं, हाडांच्या टोकांना ठिपके पडणं, असे दोष होऊ शकतात. डोस जास्त तर धोका जास्त, वॉरफरिन रोज 5 मिलिग्रामच्या आत असेल तर बराच कमी. गर्भपाताचाही धोका असतो. पुढच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, कारण त्याचं यकृत कच्चं असतं आणि आईला बेताचा असलेला डोस त्याला भारी पडतो. हेपरिनचा रेणू मोठा, तो वार ओलांडत नाही. म्हणून तुमच्या बायकोला बहुतेक पोटात टोचायची इनॉक्झापरिनची, म्हणजे हेपरिनच्याच एका प्रकाराची, इंजेक्शनं देतील. सहावा आठवडा लागायच्या आत ही बदली झाली तर उत्तम.

मला बाराव्या आठवड्यापर्यंत इंजेक्शनं, मग पुन्हा एसिट्रॉम, छत्तिसाव्या आठवड्याला परत हेपरिन आणि मग सिझेरियन. पोटावर बोट ठेवायला जागा नव्हती, इतके काळेनिळे डाग. मुलगी व्यवस्थित आहे. नणंदबाई अजून चारचौघांत सांगतात की गोळी सोडली म्हणून पोर धडधाकट निघाली. ताई, त्या नऊ दिवसांत मी गेले असते तर पोर कुठून आली असती? गोळी बदलायला हवी होती, हे तुमचं खरं. पण बदलणं वेगळं आणि सोडणं वेगळं.

एक राहिलंच. माझी झडप होती, म्हणून मधल्या महिन्यांत मला गोळीवर परत आणलं. धातूच्या झडपेला नुसतं हेपरिन कमी पडू शकतं. पायातल्या गाठीचं तसं नसतं, तिथे बहुधा शेवटपर्यंत इंजेक्शनंच चालतात. त्यामुळे माझं वेळापत्रक उचलू नका. रिवारोक्साबानसारखी नवी गोळी कोणी सुचवली तर गरोदरपणात ती नकोच. ॲस्पिरिनचा लहान डोस ही निराळी गोष्ट, तो कित्येक गरोदर बायकांना मुद्दाम देतात.

आणि फोन करताना "गोळी बंद करू का" असं विचारू नका. "आज रात्री तिच्या जागी काय घ्यायचं" असं विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.