लॅपटॉप जरा बंद ठेव

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि रात्री बराच वेळ जागा होतो. जर्मनीला जाऊ बघणाऱ्या इलेक्ट्रिशियन पोरांचं आधी जर्मन पक्कं करून घेऊ की आधी केएनएक्स, म्हणजे इमारतीतली बटणं आणि दिवे एका निरोपाच्या केबलवर जोडायची पद्धत, शिकवू, असं विचारलंयस. पोरं वर्गात जर्मन वाक्यं घडाघडा म्हणतात आणि ट्रेनिंग बोर्डासमोर उभी केली की गप्प होतात, म्हणून तुझा जीव टांगणीला लागलाय. पण या दोन्हीच्या आधी एक गोष्ट येते, तिचा तुझ्या पत्रात कुठे उल्लेखच नाही. कुठलं बटण दाबल्यावर काय झालं पाहिजे आणि ते कुणाकुणाला कळलं पाहिजे, हे पोराने स्वतःच्या भाषेत सांगायला हवं. तो ते सांगेपर्यंत लॅपटॉप उघडायचा नाही.

खानापूरचा पोरगा मराठीत सांगेल, बैलहोंगलचा कन्नडमध्ये. तुला दोन्ही भाषा येतात. मग अडलंय कुठे?

जिन्याचा दिवा घे. टू-वे स्विचचं वायरिंग त्यांना आयटीआयमध्येच हातात बसलेलं असतं, खालून लावायचा, वरून घालवायचा. केएनएक्समध्ये बटणापासून दिव्यापर्यंत तार जातच नाही. हिरव्या केबलच्या लाल-काळ्या जोडीवर सुमारे ३० व्होल्ट डीसी असतं, बटण त्याच जोडीवर निरोप टाकतं, पॅनेलमधला अॅक्च्युएटर तो ऐकून रिले ओढतो, म्हणजे दिव्याची वीज जोडतो किंवा तोडतो. निरोपाला ग्रुप अॅड्रेस असतो, म्हणजे तो कुणाकुणी ऐकायचा त्याचा पत्ता, समज १/१/१. जिन्याची दोन्ही बटणं टॉगलवर ठेवली, म्हणजे दिवा चालू असेल तर ‘बंद’ आणि बंद असेल तर ‘चालू’ पाठवायचं, दोघांना १/१/१ दिला, दिवा छान चालला. मग दाराशी सगळे दिवे एकदम घालवणारं बटण बसवलं, त्याला १/०/१ दिला आणि अॅक्च्युएटरलाही तो जोडला. रात्री मालक दाराशी सगळं बंद करतो. परत येऊन जिन्याचं बटण दाबतो तर दिवा लागत नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर लागतो.

तुझा विद्यार्थी म्हणेल, मॅडम, डिव्हाइस खराब आहे. डिव्हाइस ठणठणीत असतं. जिन्यातल्या बटणाच्या हिशेबी दिवा अजून चालूच आहे, म्हणून पहिल्या दाबाला ते ‘बंद’ पाठवतं. अशा वेळी ईटीएसच्या, म्हणजे लॅपटॉपवरच्या केएनएक्स सॉफ्टवेअरच्या, खिडक्या फिरवत बसू नकोस. लॅपटॉप मिटव आणि त्याला विचार, दिवा गेला हे या बटणाला कुणी सांगितलं? तो डोकं खाजवेल, बोर्डाकडे बघेल आणि म्हणेल, कुणीच नाही की. एवढं त्याच्या तोंडून आलं की झालं. अॅक्च्युएटरने स्वतःची स्थिती कळवली पाहिजे आणि ती बटणाने ऐकली पाहिजे, हे मग तोच सुचवेल. त्यानंतर ईटीएस खुशाल जर्मनमध्ये लाव, स्टेटसचा ऑब्जेक्ट वेगळ्या ग्रुप अॅड्रेसवर घ्यायला लाव, तोच अॅड्रेस बटणाला जोडायला लाव. मघाशी घोकूनही न बसलेले जर्मन शब्द तेव्हा बसतील, कारण आता त्याला त्यांची गरज आहे.

आधी त्याने सांगायचं, लॅपटॉप मग. पुन्हा सांगतोय, कारण तू पुढच्या पत्रात वेळ नाही म्हणणार, जर्मनची बी-वन पातळीची परीक्षा जवळ आली म्हणणार. घोकून घेण्यात गेलेले आठवडे तुला वेळ वाटत नाहीत का? तोंडपाठ वाक्यं घेऊन पोरगा उद्या साइटवर उभा राहील, मिस्त्री एक साधा प्रश्न विचारेल आणि याला समोरचं पॅनेलच समजलेलं नसेल.

माझ्याबद्दल इथे काय बोलतात ते मला ठाऊक आहे. म्हाताऱ्याला परकी भाषा नको, पोरांना गावात डांबून ठेवायचंय, असं म्हणतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत परदेशी मशीनची ड्रॉइंग्ज शब्दकोश शेजारी घेऊन मी वाचली आहेत, रात्र रात्र. पोरं जर्मनीला गेली तर मला आनंदच आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल कामगारांचा करार केला, तेव्हापासून चंदगड-गडहिंग्लजकडचे पाहुणे आले की तोच विषय निघतो, आणि इथल्या आया कासावीस होतात की आपली पोरं या कर्नाटकच्या बाजूला राहून मागे पडली. त्यांची तगमग मला कळते. म्हणूनच तुझ्या वर्गात त्यांचा एकही पोरगा गळता कामा नये.

माझ्या बरोबरीचा एक जण होता, हात असा की पॅनेलमध्ये तारा नीट रांगेत बांधलेलं त्याचं केबल ड्रेसिंग बघत राहावं. एका ट्रेनिंगला आम्ही दोघं बसलो. पहिला दिवस सगळा इंग्रजी स्लाइडवर गेला, एकानेही त्याला काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. आपण मठ्ठ आहोत असं त्याने ठरवून टाकलं. पुढे जन्मभर फॅन रिवाइंडिंग केलं. रिवाइंडिंगला मी हलकं म्हणत नाही, पण तो पॅनेलचा माणूस होता. ते आठवलं की अजून आतून तुटतं. माझा हट्ट तिथून आला आहे आणि तो मी सोडणार नाही.

आता जरा रागावतो. तुझ्या नियोजनात तारांचे रंग शेवटाकडे आहेत, भाज्यांच्या आणि कपड्यांच्या नावांबरोबर. आपल्याकडे थ्री-फेजला लाल, पिवळी, निळी आणि न्यूट्रल काळी, अशा सवयीत ही पोरं वाढली. जर्मनीत निळी न्यूट्रल असते आणि काळी फेज. काळी म्हणजे न्यूट्रल समजून तिथे कुणी हात घातला तर? हे पहिल्या आठवड्यात घे, खऱ्या तारा हातात देऊन. तिथले सुरक्षेचे पाच नियमही तेव्हाच, क्रमाने: सप्लाय तोडायचा, तो कुणी परत चालू करणार नाही अशी सोय करायची, सप्लाय गेल्याची खात्री करायची, अर्थ करून शॉर्ट करायचं, शेजारचे जिवंत भाग झाकायचे. प्रत्येक नियम पोराने आधी आपल्या भाषेत बोलत हाताने करून दाखवायचा, मग जर्मनमध्ये म्हणायचा.

तिसऱ्या नियमाला खिशातला निऑन टेस्टर तिथे चालत नाही, दोन टोकांचा लागतो. संस्थेकडे मागून बघ. नाही म्हणाले तर माझा घेऊन जा, पण निऑनवर शिकवू नकोस.

तुझा,
सर