लॉजची रूम नंतर बघा, आधी विचारा जीपच्या बॉनेटवर कोण बसतं

मागच्या अंकात साऊथ आफ्रिकेतल्या क्रूगर नॅशनल पार्कला लागून असलेल्या साबी सँडच्या लॉजबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजूनच. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतेय.

ताई, आम्ही दोघं रिटायर झालोय. ताडोबाला आजपर्यंत अकरा वेळा गेलो, मोहर्लीतून, कोलाऱ्यातून, वाघ भरपूर बघितले. मुलगा म्हणतो आता आफ्रिकेत लक्झरी लॉज करा, पण एका रात्रीचे माणशी पन्नास-साठ हजार ऐकून पोटात गोळा आला. खोलीबाहेर छोटा स्विमिंग पूल आहे म्हणून एवढे पैसे द्यायचे का? - एक जोडपं, नागपूर

काका-काकू, पूलसाठी अजिबात देऊ नका, तुम्ही तर नाहीच. अकरा वेळा ताडोबा केलेल्या माणसाला पूलमध्ये काय इंटरेस्ट असणार, आणि खरं सांगायचं तर मी तीन रात्रींत त्या पूलमध्ये एकदाच पाय बुडवले.

पैसे कशाचे आहेत ते सांगते. क्रूगर म्हणजे जवळपास २०,००० चौरस किलोमीटरचं जंगल, आपला ताडोबा कोअर-बफर मिळून सुमारे १,७०० आहे, म्हणजे अंदाज येईल. क्रूगरमध्ये तुम्ही स्वतःची गाडी घेऊन फिरू शकता पण रस्ता सोडता येत नाही, गाडीतून उतरता येत नाही आणि अंधार पडायच्या आत कॅम्पवर यावं लागतं. साबी सँड हे त्याच्या पश्चिमेला चिकटून असलेलं खाजगी रिझर्व्ह, मधलं कुंपण १९९३ मध्ये काढलं, त्यामुळे प्राणी तेच, इकडून तिकडे बिनधास्त जाणारे. पण नियम वेगळे. इथे जीप रस्ता सोडून झुडपात घालता येते, अंधार पडल्यावरही फिरता येतं, आणि एका प्राण्यापाशी एका वेळी साधारण दोन-तीनच गाड्या, बाकीच्यांनी रेडिओवर नंबर लावून लांब थांबायचं. ताडोबात वाघ रस्त्यावर आला की वीस जिप्सी एकमेकींना टेकून उभ्या राहतात आणि शेवटच्या जिप्सीतल्या माणसाला फक्त शेपूट दिसतं, हे तुम्ही अकरा वेळांत नक्की अनुभवलं असणार.

आणि दुसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी, ती म्हणजे ट्रॅकर. जीपच्या बॉनेटवर डाव्या बाजूला एक खुर्ची लावलेली असते, त्यावर हा माणूस बसतो, बहुतेक त्याच भागातला शांगान म्हणजे त्सोंगा माणूस, लहानपणापासून गुरांमागे रानात फिरलेला. आमचा ट्रॅकर दुसऱ्या दिवशी सकाळी हात वर करून गाडी थांबवून खाली उतरला. मला वाळूत काहीच दिसत नव्हतं, त्याने काठीने दाखवलं तेव्हा बिबट्याचे पगमार्क, म्हणजे पायांचे ठसे, दिसले आणि त्यांच्या शेजारी एक लांबलचक पुसट रेघ, काहीतरी फरफटत नेल्याची. मग तो आणि गाइड पायी झुडपात शिरले, आम्ही गाडीत चिडीचूप, वीस मिनिटं, अर्धा तास, काकू मला त्या अर्ध्या तासात माझा श्वास ऐकू येत होता. परत येऊन त्याने नुसती मान हलवली आणि आम्ही झुडपं मोडत आत गेलो तर मरूलाच्या झाडावर बिबटीण, आणि फांदीच्या बेचक्यात अडकवलेलं इम्पाला हरीण. आम्ही पाऊण तास तिथे होतो, दुसरी एकच गाडी आली.

हे पन्नास हजारांचं आहे. ताडोबात आपले गाइड काही कमी नाहीत, सांबराच्या कॉलवरून वाघ कुठे चाललाय ते सांगणारी माणसं आहेत आपल्याकडे, पण त्यांना गाडीतून उतरायची मुभा नाही आणि गेट बंद व्हायची घाई असते. म्हणून बुकिंग करताना एजंटला रूमचे फोटो मागू नका. हे विचारा: प्रत्येक गाडीत गाइडसोबत वेगळा ट्रॅकर असतो का (स्वस्तातल्या कितीतरी लॉजमध्ये नसतो, ड्रायव्हर एकटाच सगळं करतो), एका गाडीत किती पाहुणे बसवता (सहा ठीक, नऊ-दहा असतील तर मधल्या सीटवर तुमचे हाल), आणि लॉजला किती जमिनीवर फिरायचे हक्क आहेत. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण छोट्या तुकड्यावरचं लॉज असेल तर बिबट्या हद्द ओलांडून गेला की तुमची गाडी तिथेच थांबते.

आणि सगळ्या रात्री लॉजमध्येच काढायला पाहिजेत असं नाही. तीन रात्री चांगल्या लॉजमध्ये, दोन रात्री क्रूगरच्या सरकारी कॅम्पवर, स्कुकुझा किंवा लोअर साबी, तिथे गोल झोपडीसारख्या साध्या स्वच्छ खोल्या मिळतात, खर्च बराच खाली येतो. पाच रात्री मधल्या दर्जाच्या लॉजमध्ये घालवण्यापेक्षा हे शंभर टक्के चांगलं.

मुलं ५ आणि ९ वर्षांची. मे महिन्याची सुट्टी चांगली की दिवाळीची? आणि मलेरियाची भीती वाटते. - एक आई, ठाणे

मे. तिकडे मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा असतो, पानं गळतात, गवत बसतं, डबकी आटतात आणि प्राणी उरलेल्या पाण्यावर येतात, त्यामुळे दिसतातही जास्त. मेमध्ये थोडी हिरवळ शिल्लक असते पण चालतं. दिवाळीच्या सुमारास उन्हाळ्याची सुरुवात, ऊन कडक, आणि नोव्हेंबरमध्ये पाऊस सुरू झाला की इम्पालाची पिल्लं जन्मतात, एकेका कळपात डझनावारी, तेही फार सुंदर असतं आणि दर कमी असतात, पण झाडी दाट होते.

मलेरियाचं म्हणाल तर क्रूगरच्या भागात पावसाळ्यात आणि त्यानंतर मेपर्यंत धोका जास्त असतो. ५ वर्षांच्या मुलाला गोळ्या द्यायच्या की नाही हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवायचं, मी नाही. पण तुमच्या जागी मी असते तर क्रूगर सोडून साऊथ आफ्रिकेतल्याच माडिक्वे रिझर्व्हला गेले असते. हे बोट्सवानाच्या सीमेवर, जोहान्सबर्गहून गाडीने साधारण चार तास, आणि हा भाग मलेरियामुक्त आहे. १९९१ मध्ये जुन्या गुरांच्या फार्मची जमीन घेऊन हे रिझर्व्ह केलं आणि ८,००० पेक्षा जास्त प्राणी बाहेरून आणून सोडले, सिंह, हत्ती, गेंडे, आणि रानकुत्री, जी क्रूगरमध्ये दिसायला नशीब लागतं. तिथे बरीच लॉज मुलांना सांभाळून घेणारी आहेत. एक मात्र आधी लेखी विचारून घ्या: बहुतेक ठिकाणी ६ वर्षांखालच्या मुलांना उघड्या जीपमध्ये घेत नाहीत. धाकट्याला नाही म्हणाले तर रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्यापैकी एकाला खोलीवर थांबावं लागेल. म्हणून एक तर कुटुंबासाठी वेगळी गाडी घ्या (महाग आहे), नाहीतर सरळ एक वर्ष थांबा. मी थांबा म्हणेन.

थंडीचं लक्षात ठेवा. आफ्रिका म्हणून लोक पातळ कॉटनचे कपडे भरतात आणि पहाटे साडेपाचला उघड्या जीपमध्ये पाच-सहा डिग्रीत वारा कानात शिरतो. लॉजवाले ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी देतात, तरी कानटोपी, हातमोजे आणि जाड जॅकेट घ्याच.

सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघ्याचा त्रास, आणि आमच्याकडे कांदा-लसूण-अंडं चालत नाही. न्यावं का त्यांना? - पुणे

न्या, नक्की न्या. जीपला पायऱ्या असतात, थोडं चढावं लागतं, पण एकदा बसलं की बसलं. मधल्या ओळीतली सीट मागा, मागची सीट सगळ्यात उंच असते आणि खड्ड्यांत तीच जास्त उडते. खोली जेवणाच्या जागेजवळची मागा, कारण लॉजला बऱ्याचदा कुंपण नसतं आणि रात्री खोलीपर्यंत गाइड टॉर्च घेऊन सोडायला येतो, ते अंतर कमी असलेलं बरं.

जेवणाचं, लॉजमध्ये वीस-तीस माणसांचाच स्वयंपाक असतो त्यामुळे शेफ खरंच ऐकतो, फक्त "व्हेज" एवढंच लिहू नका, काय चालत नाही ते एकेक करून ईमेलवर लिहा आणि पोचल्यावर शेफला स्वतः भेटा. तिकडची पॅप म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सासूबाईंना आवडेल, आमच्या ग्रुपमधल्या आजींनी ती दही घालून खाल्ली, दोन दिवस सलग. सोबत चकालाका नावाचं टोमॅटो-बीन्सचं तिखट असतं, शाकाहारी आहे पण त्यात कांदा पडतो, तुमच्यासाठी वेगळं करायला सांगावं लागेल.

बोट्सवानातल्या ओकावांगो त्रिभुज प्रदेशात जूनमध्ये पाणी असतं म्हणतात, पण जूनमध्ये तिकडे पाऊसच नसतो ना? मग पाणी कुठून? - एक कॉलेजचा विद्यार्थी, सांगली

किती छान प्रश्न! तिथे गेलेल्यांनाही हा कधी पडत नाही.

हे पाणी अंगोलाचं आहे. तिकडच्या डोंगराळ भागात आपल्याकडच्या हिवाळ्यात पाऊस पडतो, कुबांगो आणि कुइतो या नद्यांतून ते खाली येतं, नामिबियाचा एक चिंचोळा पट्टा ओलांडून बोट्सवानात शिरतं, आणि तिथे जमीन इतकी सपाट की पाणी चालतच नाही, सरकतं. त्रिभुज प्रदेशात पसरायला त्याला महिने लागतात. म्हणून बोट्सवानात पावसाचा थेंब नसताना, आजूबाजूचं कालाहारी वाळून कोळ झालेलं असताना, जून ते ऑगस्टमध्ये इथे पूर असतो, आणि पूर म्हणजे तुमच्या सांगलीसारखा गढूळ, घरात घुसणारा नाही, काचेसारखं स्वच्छ गुडघाभर पाणी, खाली गवत दिसतं. ही नदी समुद्राला मिळत नाही, जवळपास सगळं पाणी वाफ होऊन उडतं नाहीतर झाडं-वाळू पिऊन टाकतात. मधली पुष्कळशी बेटं सुरू झालीयेत वारुळांपासून, वारूळ पाण्याच्या वर राहिलं, त्यावर पक्षी बसले, बिया पडल्या, झाडं आली. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत हे नाव गेलं आणि ते त्या यादीतलं हजारावं होतं.

जायचं असेल त्यांच्यासाठी: चांगले कॅम्प सीझनमध्ये माणशी रात्रीला हजार डॉलरच्या वर, काही दोन हजारांच्याही वर. बोट्सवानाचं धोरणच आहे, कमी पर्यटक आणि जास्त पैसे. बऱ्याच कॅम्पला रस्ता नाही, माऊन या तिथल्या गावाहून छोट्या विमानाने जायचं, भाजीपासून गादीपर्यंत बहुतेक सगळं असंच लांबून येतं. पाणी दर वर्षी सारखं येत नाही, म्हणून बुकिंगआधी विचारा की त्या महिन्यात त्या कॅम्पला मोकोरो, म्हणजे लांब काठीने ढकलायची लांबट होडी, चालते का. नाहीतर ब्रोशरवर होडी आणि प्रत्यक्षात कोरडं मैदान.

एजंटने पॅकेजमध्ये सिंहाच्या बछड्यांसोबत फोटो आणि सिंहांबरोबर चालणं टाकलंय. मुलं खूश आहेत. करावं का? - औरंगाबाद

नाही. कृपा करून नाही. ते बछडे आईपासून काही दिवसांत तोडलेले असतात, दिवसभर माणसांच्या हातात फिरतात, आणि मोठे झाले की जंगलात सोडता येत नाहीत, त्यातल्या कितीतरी सिंहांना पुढे कुंपणातल्या शिकारीसाठी विकलं गेलंय. एजंटला सांगा हे काढ आणि त्या पैशात एक सफारी जास्त दे. मुलांना खरं कारण सांगा, मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

आणि गेंडा दिसला तर फोटोचं लोकेशन बंद ठेवा, कुठे दिसला ते टाकू नका, शिकारी टोळ्या असल्या पोस्टवरही नजर ठेवून असतात.

एवढे पैसे तिथल्या गावकऱ्यांना मिळतात का? की सगळं गोऱ्या मालकांचं? - एक शिक्षिका, कोल्हापूर

दोन्ही प्रकार आहेत. क्रूगरच्या उत्तर टोकाला पाफुरीत माकुलेके लोकांना १९६९ मध्ये सरकारने जबरदस्तीने हलवलं, घरं जाळायला लावली. १९९८ मध्ये जमीन त्यांना परत मिळाली. त्यांनी ठरवलं की तिथे परत राहायला जायचं नाही, जंगल जंगलच ठेवायचं आणि लॉजना भाड्याने द्यायचं. भाडं आणि नोकऱ्या त्यांच्याकडे येतात. माडिक्वेतही बफेलो रिज नावाचं लॉज लेकगोफुंग गावच्या लोकांच्या मालकीचं आहे. ताडोबातून, मेळघाटातून हललेल्या गावांचा विचार करून मी पाफुरीबद्दल वाचत होते तेव्हा मला फार लागलं ते. बुकिंग करताना जमीन कोणाची आहे एवढं विचाराच.

टिपसुद्धा थेट पोचते. साधारण गाइडला माणशी रोज १० ते २० डॉलर, ट्रॅकरला त्याच्या निम्मे, बाकी स्टाफसाठी पेटी असते. ट्रॅकरचं पाकीट वेगळं करा आणि त्याच्या हातात द्या.

बॅग, व्हिसा, लस, काय काय बघायचं? - पुष्कळ जण

साऊथ आफ्रिकेचा व्हिसा आधीच काढावा लागतो, वेळ हातात ठेवा, आणि मध्ये व्हिक्टोरिया फॉल्स किंवा बोट्सवाना करून परत जोहान्सबर्गला येणार असाल तर मल्टिपल एंट्री मागा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एजंटने सिंगल काढून दिला होता आणि शेवटच्या क्षणी अख्खा प्रवास बदलावा लागला. नैरोबी किंवा आदिस अबाबावरून जाणार असाल तर यलो फीव्हरच्या सर्टिफिकेटचा नियम तिकीट काढायच्या आधी तपासा, परत येताना भारतात विचारतात, आणि लस घेतल्यावर सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं.

छोट्या विमानाला माणशी १५ ते २० किलो, हँडबॅग धरून, आणि मऊ बॅग, चाकांची कडक बॅग पोटात बसतच नाही. मिलिटरी छापाचे कपडे घेऊ नका, बोट्सवाना, झिंबाब्वेत त्याला बंदी आहे. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी. आणि चार्जरसाठी महागडा अ‍ॅडॉप्टर शोधत बसू नका, साऊथ आफ्रिकेत आपल्या गीझरचा तो मोठा तीन पिनांचा प्लग असतो ना, तोच चालतो, घरातली एक्स्टेंशन बोर्डाची वायर त्या प्लगची असेल तर तीच उचला.