ओट्यावर ठेवायला वास न येणारा कंपोस्ट डबा कोणता घ्यावा? स्टीलचा की प्लास्टिकचा, आणि किती लिटरचा?

किती लिटरचा हे तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंय, खरं तर तेच पहिलं विचारायला हवं. तीन लिटर. घरात चार माणसं असली तरी तीन, फार तर चार. स्टील की प्लास्टिक ते नंतर सांगते, लक्षात राहिलं तर.

इतकं ठासून सांगतेय कारण यावरून आमच्या घरात भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही. मी तीन लिटरचा बघून ठेवला होता. नवऱ्याचं म्हणणं, एवढुशा डब्यात काय मावणार, रोज उठून कोण रिकामा करणार, घ्यायचाच तर मोठा घेऊ. आला सात लिटरचा. स्टीलचा, चकचकीत, झाकणात कोळशाचा फिल्टर, आत उचलायची बादली, दिसायला एकदम झकास. आणि मग व्हायचं तेच झालं, डबा मोठा म्हणून भरेना आणि भरला नाही म्हणून कोणी रिकामा करेना. पाच-सहा दिवस तसाच. भाजी-फळांच्या कचऱ्यात 80-90 टक्के पाणीच असतं, ते तळाला उतरतं, वरून नवीन सालींचं वजन पडतं, खाली हवा पोचत नाही आणि हवा नसली की नुसतं सडतं. तो वास कुठलंही झाकण अडवत नाही, फक्त साठवून ठेवतं आणि उघडलं की एकदम तोंडावर मारतं.

तरी मी असेपर्यंत चाललं होतं कसंबसं. मग मी दहा दिवस बहिणीकडे गेले. जाताना सांगून गेले की दोन दिवसांआड रिकामा कर आणि प्रत्येक वेळी साली टाकल्या की वर कागदाचे तुकडे टाक, कपाटावर पिशवी भरून ठेवलेत. फोनवर रोज विचारायचे, डबा? हो हो, झालं. आले, दार उघडलं तर स्वयंपाकघरात चिलटंच चिलटं, भिंतीवर, खिडकीवर, पाण्याच्या भांड्यावर. कागदाची पिशवी जशीच्या तशी. झाकण काढलं तर वर कलिंगडाच्या साली कोंबून बसवलेल्या, त्याखाली अळ्या आणि तळाला चार बोटं काळं पाणी. आतली बादली काढूनच ठेवलेली, म्हणजे आणखी जागा होते म्हणे! ते पाणी तळाच्या जोडातून झिरपून ओट्याखालच्या खणात, तिथून धुतलेल्या डब्यांवर. रात्री साडेअकरापर्यंत पुसत होते मी, प्रवासातून आलेली.

आणि हा मला काय सांगतो, "अगं पण मी फिल्टर धुतला ना, साबण लावून, उन्हात वाळवला. डबाच भिकार निघाला." आजही चारचौघांत हाच किस्सा सांगतो, की हिने हौसेनं डबा आणला आणि घर नासवलं. हिने!

चिलटांचं गणित साधं आहे. अंडी बहुतेक वेळा फळाच्या सालीवरूनच घरात येतात, आणि उबदार हवेत अंड्यापासून उडणारं चिलट व्हायला आठ-दहा दिवस लागतात. डबा दर दोन दिवसांनी रिकामा करून धुतला की डब्यात तरी ती पिढी पुरी होत नाही. म्हणून लहान डबा घ्या, तो दोन दिवसांत भरतो आणि भरला की रिकामा करावाच लागतो, कोणाच्या शिस्तीवर अवलंबून राहावं लागत नाही. शिस्त असलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

दुसरं म्हणजे कोरडा माल. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, कार्बन कमी, आणि खत नीट व्हायला साधारण 25-30 भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन लागतो, तो कार्बन वाळक्या पानांतून, भुशातून, कागदातून येतो. डब्यातला कचरा ज्यात खत व्हायला टाकतो त्या मोठ्या पिंपात तो घालायचाच असतो, मग सुरुवात ओट्यावरच करा ना. तळाला वर्तमानपत्राची घडी, प्रत्येक वेळी वर मूठभर तुकडे. पाणी कागद पितो, निम्मा वास तिथेच संपतो.

हां, स्टील की प्लास्टिक. प्लास्टिकला ओरखडे पडले की वास त्यातच मुरतो, सिरॅमिक छान दिसतं पण झाकण एकदा हातातून सुटलं की संपलं. स्टील घ्या, पण तळाचा जोड बोट फिरवून बघा, आंबट पाणी तिथेच खातं. तोंड रुंद हवं आणि झाकण एका हाताने उघडायला हवं, दुसऱ्या हातात सालींची ताटली असते. विजेवर चालणारी मशीनं पण दाखवतील तुम्हाला, ती बहुतेक कचरा वाळवून बारीक करतात, त्याला खत म्हणू नका, भिजला की परत बुरशी.

एक राहिलंच, तुम्ही बोकाशी (कचरा हवाबंद डब्यात आंबवायची पद्धत) करणार असाल तर मी वर हवेबद्दल जे बोलले ते सगळं उलटं. तिथे डबा हवाबंदच लागतो, खाली तोटी लागते, भरल्यावर दोन आठवडे उघडायचा नाही आणि नंतर ते मातीत पुरावं लागतं. त्यासाठी मोठा डबा चालेल. (हे नवऱ्याला सांगू नका.) आणि एकटे राहत असाल, कचराच थोडा होत असेल, तर डबा घेऊच नका, साली फ्रीझरमध्ये पिशवीत टाका आणि आठवड्याने एकदम पिंपात. कंपोस्टेबल लिहिलेल्या पिशव्यांवरही फार विसंबू नका, त्यातल्या बऱ्याच मोठ्या प्लांटमधल्या 60 अंशांच्या आसपासच्या उष्णतेसाठी असतात, घरच्या पिंपात महिनोन् महिने तशाच राहतात.

फिल्टरवाला घेतलाच तर तीन-चार महिन्यांनी फिल्टर बदला. कोळशाच्या बारीक छिद्रांत वास धरला जातो आणि छिद्रं भरली की संपलं. साबणाने ती मोकळी होत नाहीत. उन्हात वाळवूनही नाही.