ती पहाट एवढी स्पष्ट का आठवते?

प्रश्न : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ती पहाट आजही डोळ्यांसमोर उभी राहते. त्या महिन्यातला शाळेचा मात्र एकही दिवस आठवत नाही. असे का?

उत्तर : भीतीच्या क्षणी शरीरात ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके स्रवतात, मेंदूतील नॉरॲड्रिनॅलिन वाढते, आणि अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग सक्रिय होऊन, ज्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या आठवणी आकार घेतात, त्या शेजारच्या भागाचे काम अधिक बळकट करतो. हे पक्केपण त्याच क्षणी पूर्ण होत नाही. घटना संपल्यावरही ते चालू राहते. १९९४ मध्ये लॅरी केहिल, जेम्स मॅकगॉ आणि सहकारी संशोधकांनी काही जणांना ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन यांचा प्रभाव रोखणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊन चित्रांसह एका अपघाताची गोष्ट सांगितली. आठवड्यानंतर त्यातला भावनिक भाग त्यांना इतरांपेक्षा कमी आठवला, भावनिक प्रसंग नसलेल्या दुसऱ्या, साध्या गोष्टीच्या स्मरणात मात्र फरक पडला नाही. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण भावनेचा रासायनिक धागा त्यात थेट हाती लागतो.

तरीही ठळक आठवण प्रत्येक तपशिलात अचूक असतेच असे नाही. १९८६ च्या चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताची बातमी आपल्याला कशी कळली, हे अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी दुसऱ्या दिवशी लिहून दिले होते. काही वर्षांनी त्यांतील अनेकांनी पूर्ण खात्रीने वेगळीच हकिकत सांगितली. त्यामुळे घरातील कोणी ती पहाट निराळी सांगितली, तर त्यांना खोटे ठरवू नका.